हिशेब माणशी करा!

वेल्ह्याहून केळदकडे जाणाऱ्या वाटेवर पासली हे गाव आहे. ज्या तालुक्याला आजवर वेल्हे म्हणत आणि आता राजगड म्हणतात, त्याच्या पश्चिम अंगाचा हा मुलूख. पासलीच्या पुढे केळद, केळदच्या पुढे मढे घाट, आणि घाट उतरला की महाडचे खोरे. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि माणसाला पाणी पिण्याचा हक्क आहे की नाही हा प्रश्न साऱ्या हिंदुस्थानापुढे टाकला, ते महाड येथून डोंगराच्या पलीकडे आहे. आज आम्हांला तोच प्रश्न डोंगराच्या अलीकडे, पासलीच्या बाजूस उभे राहून विचारावयाचा आहे. काळ बदलला, प्रश्नाची भाषाही बदलली. आता तिला हवामानबदल असे नाव आहे. तथापि पाणी कोणाला आणि किती, व ओझे कोणाच्या डोक्यावर, हा मूळ मुद्दा तिळभरही हललेला नाही.

या मुलखात पाऊस कमी पडतो असे कोणी म्हणेल तर त्याने आषाढात येथे एक रात्र काढावी. भाताची खाचरे भरून वाहतात, नाचणी-वरईचे उतार धुऊन निघतात. पण खाली काळा कातळ, वर हातभर मुरूम, आणि उतार असा की पडलेला थेंब थांबावयास तयार नाही. चार महिन्यांत सारे पाणी नीरेच्या खोऱ्याकडे निघून जाते. फाल्गुन सरला की डोंगरवाड्यांचे झरे आटतात, आणि ज्या बायांनी आषाढात पाण्यातून वाट काढली त्याच बाया वैशाखात पाण्यासाठी वाट तुडवितात. पाणी अडविले जात नाही असे नव्हे. ते अडविले जाते, पण खाली. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण इंग्रज अमदानीत १९२८ साली पुरे झाले. नीरेच्या कालव्यांवर बारामती-फलटणकडचा ऊस पोसला गेला. तालुक्याच्या उत्तर अंगाला आंबी नदीवर पानशेत आणि मोसी नदीवर वरसगाव ही धरणे आहेत. टेमघर व खडकवासला धरून या चार धरणांत सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी साठते, आणि त्यातला मोठा वाटा एकटे पुणे शहर उचलते. डोंगर मावळचा, पाऊस मावळचा, बुडालेली शेते मावळची. आणि नळ पुण्याचा.

या जुन्या दुखण्यात आता नवी भर पडली आहे. पुण्यातच, पाषाण येथे, भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था आहे. तेथील शास्त्रज्ञांनी इतरांच्या साथीने २०१७ साली असे दाखवून दिले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पाऊस येतो तेव्हा माती घेऊन जातो, आणि नसतो तेव्हा पंधरा-पंधरा दिवस तोंड दाखवीत नाही. भाताच्या रोपाला हे दोन्ही मारक. डोंगराला तर त्याहून मारक. आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाव दरडीखाली गेले, दीडशेच्या वर माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी. दरड कोसळते ती डोंगराच्या पोटाशी राहणाऱ्यावर, आणि तेथे कोण राहते हे वाचकांना आम्ही सांगावयास नको. ज्यांनी विमान पाहिले ते डोक्यावरून जाताना, ज्यांच्या घरात चूल लाकडाची आणि दिवा एक, त्यांनी आकाशात किती धूर सोडला असेल? पण आकाश बिघडल्याचा पहिला दंड त्यांनी भरला.

आता दिल्लीचे सरकार परदेशी परिषदांत काय बोलते ते ऐका. १९९२ साली रिओ येथे हवामानाचा जागतिक करार झाला, २०१५ साली पॅरिसचा झाला. या सर्व काळात सरकारे बदलली, पक्ष बदलले, पण भारताचे एक म्हणणे कायम राहिले: हिशेब देशावर करू नका, माणशी करा. भारतातील एका माणसामागे वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू निघतो. अमेरिकेतील माणसामागे त्याच्या सहापटीहून अधिक. मग दोघांवर सारखेच ओझे कसे? १९९१ साली अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी हा युक्तिवाद पुस्तिका लिहून जगापुढे मांडला आणि श्रीमंत राष्ट्रांच्या शहाणपणाचे वाभाडे काढले. आमच्या मते हा युक्तिवाद बिनतोड आहे. आकाश कोणाच्या बापाचे वतन नाही. त्यात प्रत्येक माणसाचा वाटा सारखा, हे तत्त्व आम्हांला शंभर टक्के मान्य आहे. एक माणूस, एक मूल्य हे तर आमचेच तत्त्व आहे.

पण आमचा सवाल असा आहे की, ज्या मापाने दिल्ली अमेरिकेला मोजते, त्या मापाने पुणे पासलीला का मोजत नाही? परदेशात गेले की ‘माणशी’, आणि घरी परतले की जमिनीवर, मालमत्तेवर, पत्त्यावर? हे दुटप्पी माप आम्हांला नवे नाही. इंग्रजांपुढे समतेच्या गोष्टी बोलावयाच्या आणि गावच्या पाणवठ्यावर परत आले की शिवाशिव पाळावयाची, हे सोंग आमच्या वाडवडिलांनी उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे.

हा आरोप वाऱ्यावर केलेला नाही. सरकारचेच आकडे पाहावेत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जल जीवन मिशनची घोषणा झाली आणि खेड्यातील माणसाला दररोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे ठरले. त्याच सरकारच्या मापदंडांत गटारांची सोय असलेल्या शहरातील माणसाला १३५ लिटर आणि महानगरातील माणसाला १५० लिटर धरलेले आहे. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर महानगरातील माणसाला दहा हंडे, आणि पासलीतील माणसाला पावणेचारसुद्धा नाहीत. पुन्हा ते दहा हंडे नळाने तिसऱ्या मजल्यावर चढतात. येथले पावणेचार उन्हाळ्यात बाईच्या मानेवर चढतात. पुणे महापालिकेची एक मोठी योजना चालू आहे, तिचे नाव ‘समान पाणीपुरवठा योजना’. नाव उत्तम आहे. शहराच्या एका पेठेपासून दुसऱ्या पेठेपर्यंत समान पाणी मिळावे यात कोणाची हरकत असणार! परंतु ही समता शहराच्या जकात नाक्यापाशीच थांबते. नाके उठले तरी समतेची हद्द उठली नाही.

याला इंजिनिअर मंडळी उत्तर देतील की शहरात भुयारी गटारे आहेत, ती वाहती ठेवण्यास पाणी जास्त लागते. उत्तर खरे आहे, पण ते फार थोडे सांगते. खेड्यात घरोघर संडास बांधा म्हणून सरकारनेच भिंती रंगविल्या, त्या संडासांत पाणी कोणते ओतावयाचे? गोठ्यातली म्हैस दिवसाला तीन-चार हंडे पाणी पिते, ती कोणाच्या ५५ लिटरांत धरली आहे? हा आकडा गरजेवरून निघालेला नाही. हे लोक एवढ्यावर भागवतात, मग एवढेच द्या, अशा सवयीवरून तो निघालेला आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला किती लागते हे त्याला आजवर किती मिळाले त्यावरून ठरवावयाचे, ही रीत आम्ही ओळखतो.

आम्ही पुण्याचे वैरी नाही. पुण्याच्या झोपडपट्ट्यांतून आमचे लाखो बांधव राहतात आणि नळावर पहाटे रांग लावतात. शहर पाणी पिणार, वाढणारही. आमचे म्हणणे एवढेच की, जो हवामानबदलावर उपाय म्हणून पैसा खर्च होणार आहे, जी धरणे, जी वने, जी वीज, जे नाले-ओढे नव्याने बांधले जाणार आहेत, त्या साऱ्यांत वाटणीचे माप जमीन न धरता माणूस धरावे. एवढे एक माप बदलले तर पुष्कळ काही बदलते. आणि ते बदलता येते, याचा पुरावा याच महाराष्ट्रात, याच जिल्ह्यात आहे.

१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळून निघाला. त्यापूर्वीच, १९६५ साली, वि. स. पागे यांच्या कल्पनेने तासगाव तालुक्यात विसापूर येथे एक प्रयोग झाला होता: मागेल त्याला काम. दुष्काळात त्या कल्पनेचे राज्यभर रूप झाले, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. लाखो माणसे, त्यांत निम्म्याच्या आसपास बाया, खडी फोडावयास, बांध घालावयास, पाझर तलाव खणावयास उतरली. आता यातली एक गोष्ट सुशिक्षित वाचकालाही बहुधा ठाऊक नसते. हा पैसा आला कोठून? १९७५ साली महाराष्ट्राने व्यवसाय कराचा कायदा केला तो यासाठी. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्या रकान्याचा जन्म दुष्काळी भागातील मजुराच्या हमीसाठी झालेला आहे. कायद्याने राज्य सरकारनेही त्या वसुलीइतकीच भर घालावयाची होती. म्हणजे शहराच्या कमाईने खेड्याच्या कामाचा हक्क पोसावा, हे तत्त्व महाराष्ट्राने पन्नास वर्षांपूर्वी कायद्यात लिहिले. ते कोणी विलायतेहून आणून दिले नाही. पुढे २००५ साली केंद्राने याच वाटेने देशाचा कायदा केला. आज हवामानबदलाच्या परिषदांतून ‘न्याय्य संक्रमण’ असा शब्द मिरविला जातो. शब्द नवा असेल. वस्तू आमच्या घरची आहे.

पण रोजगार हमीचे गुण गाताना तिचा दोष झाकून चालणार नाही, कारण तो दोष नेमका आमच्या अंगावर पडला. पाझर तलाव खणला भूमिहीनाने. त्याखालच्या विहिरीला पाणी लागले ते जमीनवाल्याच्या. बांध घातला बौद्धवाड्याच्या आणि कातकरी वस्तीच्या बायांनी; माती टिकली ती ज्याची खाचरे त्याची. बाईला मजुरी मिळाली, ती संपली. तलाव राहिला, तो दरवर्षी भरतो, आणि दरवर्षी तो जमीन पाहूनच पाणी वाटतो. सरकारच्या पैशाने, कष्टकऱ्याच्या घामाने निर्माण झालेली मत्ता ज्याच्याकडे आधीच होते त्याच्या ओट्यात गेली. उद्या हवामानबदलाच्या नावाने पासलीच्या डोंगरावर समतल चर खणले, झरे बांधले, बंधारे घातले, तर हेच पुन्हा होणार नाही याची हमी कोण देतो?

ती हमी देण्याची रीत शेजारच्या पुरंदर तालुक्यात सापडलेली आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाचे एक इंजिनिअर कारखानदार पुण्याहून नायगावला गेले. तेथे देवस्थानची चाळीस एकर उजाड जमीन कराराने घेऊन त्यांनी पाणी अडविले आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम वाचावेत. पाण्याचा हक्क जमिनीवर नाही, कुटुंबातील माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकले जात नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्या भूमिहीनालाही पाण्यात वाटा. तो त्याने दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने वापरावा. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवरील बळीराजा धरणाच्या लढ्यानेही भूमिहीनांचा हा हक्क मान्य करावयास लावला. हे सगळे झाले ते शिक्षकी व्याख्यानांत झाले नाही, शेतात झाले. आम्ही असे म्हणत नाही की पाणी पंचायतीने जातीचा प्रश्न सोडविला. तिचा व्याप लहान राहिला, आणि सरकारने तिचे तत्त्व कधीच आपल्या कायद्याचा पाया केले नाही. का केले नाही, हे नीरेच्या कालव्यावरच्या उसाला विचारावे. कानंदीवरच्या गुंजवणी धरणाचे पाणी राजगड, भोर आणि पुरंदर या तीन तालुक्यांसाठी आहे. ते बंद नळांतून न्यावयाचे आहे. ज्या पुरंदरने माणशी पाण्याचा धडा घालून दिला, त्याच पुरंदरला जाणारे हे पाणी जमीन मोजून वाटले जावे, यासारखी दैवदुर्गती नाही. दैव शब्द चुकला. ही माणसांनी केलेली योजना आहे.

येथे कोणी म्हणेल की तुम्ही प्रत्येक गोष्टीत जात आणता. जात आम्ही आणली नाही. ती सात-बाराच्या उताऱ्यावर आधीपासून बसलेली आहे. गावकीची सेवा करणाऱ्या महाराला वतनाचा तुकडा मिळाला, तो १९५८ च्या कनिष्ठ वतन निर्मूलन कायद्याने मोकळा झाला, आणि त्यानंतर तो कोणाकोणाच्या नावावर चढला याचा शोध प्रत्येक वाचकाने आपापल्या गावच्या चावडीत घ्यावा. जमीन मोजून जे जे वाटले जाते ते जात मोजून वाटले जाते. म्हणून बाबासाहेबांनी १९४७ साली राज्ये आणि अल्पसंख्याक या निवेदनात शेती राज्याच्या मालकीची करून ती गावकऱ्यांना जातिभेद न पाळता सामुदायिक रीतीने कसावयास द्यावी, अशी मागणी केली. त्याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या योजनांचा पाया घातला, आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे सांगितले की पुराचे पाणी हे संकट समजून समुद्रात हाकलू नये, ते साठवावयाचे धन आहे. मोठ्या धरणांनी पुढे किती गावे उठविली हे आम्हांला ठाऊक आहे आणि ते आम्ही झाकणार नाही. पण पाण्याचा प्रश्न हा पुण्यकर्माचा नसून राज्याच्या योजनेचा आणि हक्काचा आहे, ही दृष्टी त्यांनी दिली. शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा कलह हेच सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यांनी मांडले, हे या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही.

आता विजेचे पाहू. कोळशाची वीज सोडून सूर्याची घ्यावी यास आमचा विरोध असण्याचे कारण नाही. चंद्रपूर-कोराडीची राख गरिबाच्याच छपरावर पडते. पण २०२३ पासून चालू असलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात काय आहे? ज्याची खाजगी जमीन घेतली जाईल त्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे, वर दरवर्षी तीन टक्के वाढ. चांगले आहे. पण याच योजनेसाठी गायराने आणि सरकारी पड जमिनीही घेतल्या जातात. गायरान कोण कसतो? १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ज्यांनी तुरुंग भरले त्या भूमिहीनांची मुले-नातवंडे कसतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणे नियमित करावयाचा शासननिर्णय १९९१ साली निघाला, तरी असंख्य कुटुंबांच्या नावे उतारा झाला नाही. ज्याच्याजवळ उतारा त्याला सूर्य सव्वा लाख देणार. ज्याच्याजवळ केवळ पन्नास वर्षांची वहिवाट, त्याला सूर्य नोटीस देणार! सूर्य सर्वांवर सारखा उगवतो असे आम्ही लहानपणी शिकलो होतो. खात्याच्या कचेरीत तो तसा उगवत नाही.

शहरात तर माप याहून उघड आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासला फुटले, आणि मुठेचे पाणी पुण्याच्या पेठांत शिरले. त्या वेळी बेघर झालेल्या पुणेकरांसाठी शहरातच वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावे आजही त्याची साक्ष देतात. ते योग्यच झाले. साठ वर्षांनी काय झाले? २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूने आलेल्या पाण्याने आंबील ओढ्याला पूर आला. अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगर येथे भिंती कोसळल्या, माणसे वाहून गेली. शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून अधिक जीव गेले. ओढ्याचे पात्र वरच्या अंगाला वर्षानुवर्षे कोणी दाबले, कोणाच्या इमारतीपुढे ते वळले, याचा पंचनामा व्हावयास हवा होता. त्याऐवजी २४ जून २०२१ रोजी, भर पावसाळ्यात आणि महामारीच्या काळात, दांडेकर पुलाजवळच्या आंबील ओढा वसाहतीवर यंत्रे आली. कारण सांगितले गेले ते पुराचेच: ओढा सरळ आणि रुंद करावयाचा आहे. कष्टकऱ्यांची, आंबेडकरी कुटुंबांची घरे बायापोरांच्या डोळ्यांदेखत पडली. त्याच दिवशी न्यायालयाची स्थगिती आली, पण पडलेल्या भिंती स्थगितीने उभ्या राहत नाहीत. १९६१ साली पूर आला म्हणून घर मिळाले. २०२१ साली पूर येऊ नये म्हणून घर गेले. या दोहोंच्या मधे फरक पाण्याचा नाही. पुरात कोण सापडले त्याचा आहे.

आणि याच शहरात हवामानाच्या रक्षणाचे खरे काम कोण करते? १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बाया, आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करणारी त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. तीन हजारांहून अधिक कष्टकरी, त्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया, सुका कचरा हाताने वेगळा करून पुन्हा कारखान्याकडे पाठवितात. जो कचरा पेटला किंवा कुजला असता तो त्या वाचवितात. परदेशी पाहुणे येऊन त्यांचे फोटो काढतात. पण करार संपत आला की दर वेळी त्यांना वाऱ्यावर धरले जाते, आणि यंत्रवाल्या ठेकेदाराचे नाव पुढे येते. आकाश राखणाऱ्या बाईला वर्षभराची शाश्वती नाही.

आता थोडे आपल्या लोकांना. पुण्यात नोकरीस लागलेला आमचा शिकलेला बांधव १४ एप्रिलला गाडी काढून गावच्या वाड्यावर येतो, वर्गणी देतो, भाषण करतो, आणि त्याच दिवशी त्याची चुलती दोन डोंगर ओलांडून आणलेला हंडा त्याच्यापुढे ओतते. त्याने पाणी पिऊन घ्यावे, पण हे पाणी कोठून आले एवढे तरी विचारावे. विहार बांधावयास आम्ही पुष्कळ पैसे जमविले. त्या विहाराच्या छपरावरचा पाऊस साठवावयाची टाकी किती ठिकाणी बांधली? हवामानबदल हा मोठ्या लोकांचा विषय आहे, आपले प्रश्न वेगळे आहेत, असे म्हणणारे कार्यकर्ते आम्हांला भेटतात. गेल्या काही वर्षांत वाड्यावर जे जे आदळले, पूर, दरड, टँकर, गायरानाची नोटीस, ओढ्याकाठची तोडमोड, ते सगळे याच विषयाचे आहे. केवळ अर्जावर त्याचे नाव वेगवेगळे असते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. शहरे धरणांतून जे पाणी उचलतात त्याची पट्टी पाटबंधारे खात्याकडे भरतात. त्या पट्टीतील ठरावीक हिस्सा धरणांच्या माथ्यावरील गावांना कायद्याने, माणसे मोजून मिळावा. तो देणगी म्हणून नको, खासदार-आमदारांच्या कृपेने तर मुळीच नको. त्या पैशातून झरे आणि पाणलोट दुरुस्त करावयाचे काम गावच्या भूमिहीनांना प्रथम मिळावे, आणि जे पाणी त्या कामाने वाढेल त्यात त्यांचा माणशी वाटा कामाला हात घालण्यापूर्वी ग्रामसभेच्या पुस्तकात लिहिला जावा. ५५ आणि १३५ हा भेद रद्द व्हावा. गायरानावर सूर्याची वीज घ्यावयाची असेल तर वहिवाटदाराचा हक्क आधी नोंदवावा आणि भाडे त्याला द्यावे. ओढ्याकाठचे घर हलवावयाचे असेल तर त्याच पेठेत दुसरे घर उभे राहून त्याची किल्ली हातात पडेपर्यंत एक वीटही हलता कामा नये. यांतील एकही गोष्ट अशक्य नाही. व्यवसाय कराचा कायदा ज्या विधानमंडळाने केला त्याच विधानमंडळाला हे करावयाचे आहे.

तोपर्यंत आम्ही काय करावे, असे पासलीकडचे आणि इतर डोंगरी गावांचे वाचक विचारतील. १ मे रोजी ग्रामसभा भरते, आणि तेव्हा उन्हाळा ऐन भरात असतो. त्या सभेला वाड्या-वस्त्यांवरच्या बायांनी हंडे घेऊन यावे. गावात किती माणसे, किती जनावरे, आणि त्या दिवशी किती लिटर पाणी आले, एवढे तीन आकडे ठरावात लिहून मागावेत. टँकर येत असेल तर त्याच्या नोंदवहीची नक्कल माहितीच्या अधिकाराखाली घ्यावी. पुण्यातील वाचकांनी आपल्या पगारपत्रकावरील व्यवसाय कराचा रकाना पाहावा आणि आपल्या आमदाराला पत्र लिहून विचारावे की हा पैसा ज्यासाठी सुरू झाला त्यासाठी आज किती जातो. दोन्हीकडचे कागद आमच्याकडे पाठवावेत. गावाच्या नावानिशी आम्ही ते छापू.